बेगमी आणि पुडी

कोरोनाच्या साथीमुळे आमच्या अकोटात फेब्रुवारी 2021 मध्ये एका मंगळवारपासून पुन्हा टाळेबंदी लागू झाली. अकोला, मूर्तिजापूर आणि अकोट ही तिन्ही शहरे प्रतिबंधित क्षेत्रे ठरवणारा हुकूम निघाला, त्याची मुदत 1 मार्चच्या सकाळपर्यंत होती, आणि ती तेवढ्यावर खरोखर संपेल असे मानणारा मनुष्य निदान माझ्या पाहण्यात नव्हता. कारण 2020 मध्ये एकवीस दिवसांची म्हणून जाहीर झालेली टाळेबंदी 14 एप्रिलवरून 3 मेवर, 3 मेवरून 17 मेवर आणि तेथून 31 मेवर जाताना ज्यांनी पाहिली, त्यांना सरकारी मुदत कॅलेंडरात शोधू नये एवढे शहाणपण आले होते. बाजारहाट हा या सदराचा विषय, आणि बाजारच बंद असताना सदरकाराने लिहावे तरी काय, असा पेच वास्तविक मला पडावयास हवा होता. परंतु दुकानांना जे थोडे तास मुभा होती त्या तासांत एके दिवशी मी पिशव्या घेऊन किराण्याच्या दुकानी गेलो होतो, आणि तेथे जे घडले त्यामुळे याच सदरातील माझा एक जुना लेख मला मागे घ्यावासा वाटत आहे.

तो लेख बेगमीवर होता. ऑक्टोबर 2020 मध्ये मी तो लिहिला, पुष्कळांना तो आवडला, आणि आवडावा असेच त्यात होते. 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे दुःख, काळजी. फारशीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ निश्चिंतता एवढाच, पण मराठी संसाराने त्या निश्चिंततेला हाताला धरून थेट धान्याच्या कोठीत नेऊन बसवले, आणि वर्षभराची दाळ, गहू, तिखट, लोणचे घरात भरून ठेवणे हाच बेगमीचा अर्थ होऊन बसला, ही गोष्ट मी त्या लेखात मोठ्या कौतुकाने सांगितली होती. शिवाय हंगामाचा दाखला दिला होता. 2020 ची टाळेबंदी सुरू झाली ती 25 मार्चला, म्हणजे ऐन गुढीपाडव्याला. तोवर तूर घरी येऊन, तेल-पाणी लावून, उन्हात वाळून तिची दाळ झालेली होती. नवा गहू खळ्यावरून निघत होता. मिरची यावयाची होती, आणि कुरड्या, पापड, बिबडे, मुगाच्या वड्या यांना लागणारे कडक ऊन गच्चीवर फुकट पडलेले होते. आमच्या वऱ्हाडी गृहिणीची वार्षिक मोहीम आणि सरकारची टाळेबंदी एकाच मुहूर्तावर सुरू झाली, असे एक वाक्य मी त्या लेखात लिहिले होते आणि ते मला स्वतःलाच फार आवडले होते.

त्या लेखामागे माझा स्वतःचा अनुभव होता, तो अजूनही खरा आहे. त्याआधी सप्टेंबरात आमच्या सौभाग्यवतींना कोरोनाने गाठले. दुखणे सौम्य असल्यामुळे घरातच पलीकडच्या खोलीत सतरा दिवस वेगळे राहावयाचे ठरले. 'क्वारंटीन' या शब्दाच्या पोटात चाळीस ही संख्या आहे, व्हेनिसच्या बंदरात संशयित जहाजांना चाळीस दिवस खोळंबावे लागे त्यावरून तो आला, ही माहिती मी बंद दारातून त्यांना पुरवली आणि चाळिसांच्या मानाने सतरा म्हणजे सवलतच आहे असे सांत्वन केले. त्यावर आतून उत्तर आले नाही. स्वयंपाक माझ्याकडे आला. फळीवर सारख्याच आकाराचे अठरा डबे होते आणि एकावरही चिठ्ठी नव्हती, कारण जिला ते उघडावयाचे असत तिला चिठ्ठीची गरज कधी पडलीच नव्हती. पहिल्या दिवशी मी जिरे म्हणून ओवा फोडणीस घातला. तो खपून गेला. पण दाळ काही केल्या शिजेना. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, सहा झाल्या, झाकण उघडावे तो तुरीचा दाणा न् दाणा पाण्यात सुटा आणि ताठ. शेवटी मी दाराशी जाऊन फिर्याद मांडली.

"पानी कोनतं टाकलं तुमी?" आतून प्रश्न.

"पाणी म्हणजे पाणी."

"बोरचं का नयाचं?"

"बोरचं."

"अवो, बोरच्या पान्यात दाय शिजत असते काय! सांजलोक ठेवसान तरी तशीच राहीन. नयाचं घ्या."

नळाचे म्हणजे वाण धरणाचे. अकोट-तेल्हाऱ्याकडील चौऱ्याऐंशी खेड्यांची म्हणून जी नळयोजना प्रसिद्ध आहे तिचे पाणी. येथून दक्षिणेस पूर्णेच्या रोखाने निघाले की खारपाणपट्टा लागतो, जमिनीच्या पोटातून जे येते ते खारट येते, आणि तिकडच्या बायकांना धुण्याचे, पिण्याचे आणि दाळीचे पाणी निराळे ओळखता येते हे मला ऐकून ठाऊक होते. आपल्याही स्वयंपाकघरात अशी एक जलनीती अमलात आहे, याची खबर मात्र मला अडुसष्टाव्या वर्षी लागली. नळाच्या पाण्यात दाळ तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी झाली. पुढे भाकरीचा नाद मी चौथ्या दिवशी सोडला, बेसन (पुण्याकडचे लोक ज्याला पिठले म्हणतात ते) बऱ्यापैकी जमू लागले, आणि सतरा दिवस मी स्वयंपाक केला ही गोष्ट मी टेलिफोनवरून इतक्यांना सांगितली की पत्नीने चाळीस वर्षे तो केल्याचे तिच्या तोंडून त्यांपैकी एकानेही कधी ऐकले नसेल. माझ्या लक्षात विशेष राहिले ते हे की, त्या सतरा दिवसांत दूध आणि भाजी दारात आली तेवढीच; बाकी एका जिनसासाठी मला उंबरठा ओलांडावा लागला नाही. जे हवे ते कोणत्या तरी डब्यात होतेच. एवढी निश्चिंतता पाहिल्यावर बेगमीचे स्तोत्र गायल्याशिवाय राहवले नाही, यात नवल नाही.

त्या लेखात मी आजीलाही साक्षीला बोलावले होते. 1918 च्या मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीत ती सात-आठ वर्षांची होती; त्यापूर्वीच्या प्लेगात माणसे गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत, त्या गोष्टी तिने तिच्या आईकडून ऐकलेल्या, आणि मग त्या आम्हांला. कोंडण्याची तेव्हाची तऱ्हा कोरोनातल्या तऱ्हेच्या उलट होती: तेव्हा घरे मोकळी करून माणसे बाहेर काढीत, कोरोनात माणसे आत घालून घरे बंद केली, कायदा मात्र तोच, 1897 चा, प्लेगाच्या वेळी केलेला आणि 2020 पासून प्रत्येक हुकुमाच्या शिरोभागी मानाने विराजमान झालेला. आजी सांगे की मानमोडीच्या दिवसांत सकाळी उठून कोणाच्या घरावर धूर दिसत नाही ते आधी पाहत, आणि ज्या घरी चूल पेटलेली नसे तेथे आंबिलीचे मडके उंबऱ्याशी ठेवून येत. ही हकीकत मी भक्तिभावाने उतरवली होती. आता वाटते की आजीच्या सगळ्या कथांत आमचे घर नेहमी मडके नेऊन ठेवणारे असे. ते ज्यांच्या दारी ठेवले जाई त्यांच्याकडे काय बेगमी होती आणि ती का नव्हती, हे तिने कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

बेगमीला तीन गोष्टी लागतात: एकरकमी पैसा, धान्य राहील अशी कोरडी जागा आणि वाळवण घालण्यापुरते स्वतःचे ऊन. ऊन आमच्या भागात सर्वांना सारखे मिळते असा समज आहे. पण ते पडण्यासाठी आपली गच्ची किंवा अंगण असावे लागते. या तिहींपैकी एकही ज्याच्यापाशी नाही, त्याचा संसार पुडीवर चालतो. 'दहाचं तेल, पाचचं तिखट, पाचची चायपत्ती' अशी ती मागणी असते. तेलासाठी बाटली घरून आणलेली असते, आणि दिवसभर कमावलेला रोज संध्याकाळी हातात पडल्यावरच ती बाटली दुकानाच्या वाटेला लागते. पुडीतला जिन्नस तोलामागे महाग पडतो हे घेणाऱ्यास कळत नाही असे समजणारे लोक मला भेटले आहेत. त्यांना मी एवढेच सांगतो की पाच रुपयांच्या तिखटात किती दिवस काढता येतात याचा हिशेब त्यांनी एकदा करून पाहावा, आणि तो जमला तर मला कळवावा.

'नागरिकांनी आठवड्याचे सामान एकाच वेळी घेऊन ठेवावे' हा उपदेश त्या वर्षभरात आपण इतक्यांदा ऐकला की त्यात काही चूक असेल असे वाटेनासे झाले होते. साथीच्या दृष्टीने तो योग्यच होता; गर्दी टळावी यात दुमत कसे असेल? परंतु आठवड्याचे सामान घेण्यासाठी आठवड्याचा पैसा आधी खिशात असावा लागतो, आणि ज्याचा पैसा दिवसाच्या शेवटी दिवसापुरता येतो त्याने काय करावे याची तजवीज त्या वाक्यात नाही. तजवीज अगदीच नव्हती असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. 26 मार्च 2020 रोजी केंद्र सरकारने माणशी पाच किलो मोफत धान्य आणि कुटुंबामागे एक किलो दाळ जाहीर केली; आपल्याकडे ते धान्य आधी तांदळाच्या रूपाने आले आणि योजना वाढत वाढत नोव्हेंबरपर्यंत चालली. केशरी शिधापत्रिकेवर आठ रुपयांनी गहू आणि बारा रुपयांनी तांदूळ मिळाला. शिवभोजनाची दहा रुपयांची थाळी पाच रुपयांची झाली, दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वरण आणि भाताची मूद. भाकरी खाणाऱ्या प्रांताने महिनोगणती भात खाल्ला आणि कोणी फारशी कुरकूर केली नाही. तरी नुसत्या तांदळाने जेवण होत नाही. त्यावर तेल, मीठ, तिखट लागते, चहा लागतो, आणि हे सारे पुन्हा पुडीच्या खात्यात येते. आणि 2021 च्या या टाळेबंदीत तर, नेहमीचे शिधापत्रिकेवरचे धान्य सोडले, तर तो मोफतचा तांदूळही नव्हता.

मग 2020 मध्ये ही माणसे जगली कशी? त्याचे उत्तर मला आमच्या किराणेवाल्याच्या गल्ल्याखाली, लाल कापडी बांधणीच्या लांबट वहीत पाहावयास मिळाले. एप्रिल ते जून एवढ्या तीन महिन्यांची पाने तिच्यात अंगठ्याच्या घामाने काळी पडलेली आहेत. घाऊक व्यापारी रोखीशिवाय माल सोडीत नव्हता. हा मात्र पुड्या बांधीत होता आणि नावे लिहीत होता. "लिहून त ठेवलं काकाजी, भेटन तवा भेटन," एवढेच त्याचे यावर भाष्य. तो संत नव्हे. तोलात काट्यावर त्याची करंगळी कधी रेंगाळते हे सारे गाव जाणते. पण गावातल्या बंद चुलींचा दाखला कोणास कधी हवा झाला तर तो त्या वहीतच आहे, आणि ती तो कोणास देणार नाही.

आता दुकानातल्या त्या दिवसाची गोष्ट. सौभाग्यवतींनी यादी दिली होती, बत्तीस जिनसांची. टाळेबंदी वाढणार असे धरून ती महिन्याची केलेली. दुकान बंद करण्याच्या वेळेला पाऊण तास उरला असताना मी अंतर राखण्यासाठी आखलेल्या खडूच्या वर्तुळात उभा राहिलो आणि माझा क्रम आल्यावर यादी वाचू लागलो. दुकानदार एकटा, पोरगा घरी तापाने पडलेला. एकेक जिन्नस तो आतून आणी, तोली, बांधी, आणि मी यादीवर खूण करी. अठ्ठाविसावा जिन्नस खसखस होता. ती समोर नव्हती. तो मागच्या कोठारात गेला, वरचे डबे उतरवल्याचा आवाज आला, चांगली सात-आठ मिनिटे गेली, आणि तो हातभर धूळ माखून शंभर ग्रॅमची पुडी घेऊन बाहेर आला. राहिलेले चार जिन्नस बांधून होतात तोच चौकाकडून शिट्टी झाली. रस्त्यावरच्या दुकानांची शटरे एकामागून एक पडू लागली. त्यानेही मला पिशव्या बाहेर घ्या म्हटले आणि आपले शटर ओढले. पैसे मी खालच्या फटीतून दिले.

वळलो तेव्हा माझ्यामागच्या वर्तुळात एक बाई उभी असल्याचे मी प्रथम पाहिले. ती तेथे केव्हापासून होती कोण जाणे. निदान हळद आणि हिंग यांच्या सुमारास आली असावी. हातात तेलाची लहान बाटली, बुचाच्या जागी कागदाचा बोळा. तिने शटरावर दोनदा हाताने थापटले, आतून काहीतरी उत्तर आले ते मला ऐकू आले नाही, आणि शिट्टी पुन्हा वाजल्यावर ती बाटली पदराखाली घेऊन निघाली. माझ्या उजव्या हातातल्या पिशवीत पंधरा किलो तेलाचा डबा होता. तो जड होता, मी तो हातात बदलून घेत होतो, आणि तिला हाक मारावी हे सुचले तेव्हा ती गल्लीत वळून गेलेली होती. नाव मला ठाऊक नव्हते, म्हणून हाक कशी मारावी हेही सुचले नाही. वऱ्हाडात अनोळखी बाईला 'बाई' म्हणून सहज हाक मारतात, हे मला घरी पोचल्यावर आठवले.

घरी पिशव्या ओट्यावर रिकाम्या झाल्या. यादी मिळवून पाहण्यात आली, बत्तीसच्या बत्तीस बरोबर निघाले, आणि असे माझ्या हातून प्रथमच घडल्याची नोंद झाली. जिन्नस आपापल्या डब्यांत गेले. खसखशीची पुडी तेवढी पत्नीने हातावर तोलून पाहिली, काचेच्या बरणीत ओतली, झाकण घट्ट फिरवले आणि म्हणाली, "चाला, दिवाळीलोक पुरन आता."