अनाथांचे माहेर

आषाढीपूर्वी वर्धेच्या तीरावरील कौंडण्यपुराहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपुरास निघते. कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर. लेक सासरी गेली तरी माहेरचे दार तिला बंद होत नाही, हा आपल्या समाजाचा अलिखित कायदा होय. ज्यांना माहेरच नाही अशा मुलांच्या बाबतीत आपला लिखित कायदा मात्र इतका उदार नाही.

१८९६-९७ व १८९९-१९०० या दोन दुष्काळांत वऱ्हाड व मध्य प्रांतातील हजारो मुले पोरकी झाली. त्यांना उचलून घेण्यात ख्रिस्ती मिशने पुढे होती. अमेरिकन अलायन्स मिशनने अकोल्यास मुलांसाठी आणि खामगावास मुलींसाठी अनाथालये चालविली. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावास नेल्या. तेथे अन्न व अक्षरे यांवरच काम थांबले नाही. विणकाम, छपाई, तेलघाणा असे उद्योग त्या मुलींच्या हाती दिले गेले. आश्रमातून बाहेर पडणारी मुलगी उद्या काय खाईल, हा प्रश्न रमाबाईंनी आधीच विचारला होता.

या कार्यावर आक्षेप आले आणि ते सर्वस्वी निराधार नव्हते. शारदा सदनातील मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाप पाडली जाते या कारणावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी त्या संस्थेशी असलेला संबंध सोडला. भुकेल्या बालकाची संमती ही संमती नव्हे, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु या आक्षेपाचे खरे उत्तर निषेधसभांनी दिले नाही. ते १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढून अण्णासाहेब कर्व्यांनी दिले. दुसऱ्याच्या छपराला नावे ठेवणाऱ्याने आपले एक छप्पर उभारावे, हाच त्यातील धडा.

आज या क्षेत्रावर शासनाचे नियंत्रण आहे आणि ते असणे योग्यच आहे. २०१५ च्या बालन्याय अधिनियमान्वये, संस्था चर्चची असो, मठाची असो वा सरकारी असो, तिला नोंदणी अनिवार्य आहे. बालकाला कोठे ठेवावे हे बालकल्याण समिती ठरविते. प्रवेशाचे दार असे नीट राखले गेले आहे. चिंता आहे ती बाहेर पडण्याच्या दाराची. अठरावे वर्ष पुरे झाले की बालगृहातील वास्तव्याचा हक्क संपतो. पुढे एकविसाव्या, अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची सोय नियमांत आहे; पण अधिनियमाची भाषा 'साहाय्य देता येईल' अशी आहे, 'दिलेच पाहिजे' अशी नाही. मध्यमवर्गीय घरातील अठरा वर्षांच्या मुलास आपण एकट्याने मुंबईस पाठवावयासही कचरतो, हे येथे आठवावे.

परतवाड्याजवळील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकरांनी शंभराहून अधिक बेवारस, अपंग मुलांना आपलेच आडनाव दिले, मुलींची लग्ने लावून दिली आणि दार उघडे ठेवले. अठरा वर्षांनंतरही अशा मुलांना बालगृहात राहू द्यावे, ही त्यांची जुनी मागणी आहे. २०२४ मध्ये शासनाने त्यांस पद्मश्रीने गौरविले. गौरव केला, मग मागणी का पडून राहावी?

प्रस्तुत लेखकाने काही वर्षे शाळेत शिकविले आहे. 'वडिलांचे नाव' या रकान्याशी अडलेली लेखणी त्याने पाहिली आहे. महाराष्ट्राने २०१८ मध्ये अनाथांस शिक्षण व नोकऱ्यांत एक टक्का आरक्षण दिले, हे भूषणावह होय. परंतु परीक्षेच्या दिवसापर्यंत राहावयाचे कोठे, याचे उत्तर आरक्षणात नाही. अनुरक्षण हा हक्क ठरविला पाहिजे आणि प्रत्येक जिल्ह्यात मुलांसाठी व मुलींसाठी एकेक अनुरक्षणगृह असले पाहिजे. ते कोणत्या धर्माच्या संस्थेने चालवावे हा दुय्यम प्रश्न आहे. नियम सर्वांस सारखे असले म्हणजे झाले.

सर्व भार शासनावर टाकून आपणही मोकळे होऊ शकत नाही. बालगृहातून आलेल्या मुलास भाड्याने खोली देताना, नोकरीवर घेताना, त्याचे स्थळ पाहताना आपण 'घराणे' विचारतो. तो प्रश्न गिळावयास शिकणे हे आपले काम. दिवाळीच्या चार दिवसांत जावे असे एक दार प्रत्येकास असावे. इतकी साधी गोष्ट रुक्मिणीच्या माहेरच्या मुलखास अवघड वाटू नये.