माशांच्या टाकीत कॅप्सूल नको

लोणंदसारख्या गावातही आता दिवाणखान्यात माशांची काचेची टाकी दिसू लागली आहे. पूर्वी गप्पी, मॉली, गोल्डफिश एवढ्यावर हौस भागत असे. आता काही तरुण मंडळी ताटलीसारख्या गोल, चपट्या, रंगीबेरंगी डिस्कस माशांपर्यंत पोहोचली आहेत. पैदास करून चार पैसे मिळवण्याचाही काहींचा विचार असतो. छंद चांगला आहे, त्याला कोणी नावे ठेवू नयेत. पण ‘डॉक्टर, माशांसाठी टेट्रासायक्लिन लिहून द्या’ अशी मागणी दवाखान्यात होऊ लागली की आरोग्याच्या सदरात या विषयावर लिहिणे भाग पडते.

डिस्कस हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातला मासा. तेथील पाणी उबदार, मृदू आणि किंचित आम्ल असते. म्हणून घरच्या टाकीतही त्याला २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान लागते. अशा उबदार पाण्यात उरलेले खाद्य लवकर कुजते. पाणी वेळेवर बदलले नाही की मासा काळवंडतो, कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, खाणे सोडतो. मग कोणीतरी सल्ला देतो, ‘दोन कॅप्सूल फोडून टाका, बरा होईल.’

यात पहिली फसगत पैशाची. टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेऊ नका, असे आम्ही रुग्णांना सांगतो, कारण दुधातील कॅल्शियमला हे औषध चिकटून बसते. बोअरच्या जड पाण्यातही कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. तेथेही तेच होते आणि माशाच्या अंगी औषध फारसे लागत नाही. दुसरे असे की टाकीच्या फिल्टरमध्ये काही उपकारक जंतू वाढलेले असतात. माशांच्या विष्ठेतून व कुजक्या खाद्यातून तयार होणारा विषारी अमोनिया ते नाहीसा करतात. औषधाने हे जंतू मेले तर अमोनिया वाढतो आणि आजारी मासा औषधानेच मरतो.

तिसरे नुकसान मात्र आपल्या सर्वांचे आहे. अपुऱ्या औषधात जे जंतू तग धरतात ते त्या औषधाला दाद देईनासे होतात. टाकीचे पाणी गटारात जाते आणि जंतू हा गुण दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देऊ शकतात. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी अपुऱ्या मात्रेचा हा धोका १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच सांगितला होता. टेट्रासायक्लिन काय, मेट्रोनिडॅझोल काय, ही चिठ्ठीवर द्यायची औषधे आहेत. माशांच्या काही आजारांत त्यांचा उपयोग होतो, हे खरे. पण तो निर्णय जाणकाराचा. आपल्याच खंडाळा तालुक्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. कोणाला विचारावे एवढे तरी तेथे कळेल.

निसर्गाने डिस्कसला स्वतःची सोय दिलेली आहे. अंड्यांतून बाहेर पडून पोहू लागलेली पिले आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की या स्रावात प्रथिनांबरोबर रोगप्रतिकारक द्रव्येही असतात. बाळंतिणीच्या चिकाच्या दुधासारखाच हा प्रकार. अशा जोडीला स्वच्छ पाणी आणि शांतता मिळाली की बरेचसे काम झाले.

आता पाळणाऱ्याच्या हाताविषयी. क्षयाच्या जंतूचा एक भाऊबंद, मायकोबॅक्टेरियम मरिनम, पाण्यात आणि माशांत राहतो. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या माशांत तो प्रथम सापडला. ३० अंशांच्या आसपास तो जोमाने वाढतो, म्हणजे डिस्कसची टाकी त्याला मानवणारीच. हाताला कापलेले वा खरचटलेले असेल तर तेथून तो शिरतो. दोन-चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, बोटावर किंवा मनगटावर गाठ येते, ती फुटते आणि जखम भरत नाही. पाच दिवसांच्या नेहमीच्या गोळ्यांनी ती बरी होत नाही. योग्य औषध कित्येक महिने घ्यावे लागते. हा रोग क्वचितच होतो आणि माणसाकडून माणसाला होत नाही, त्यामुळे घाबरू नये. मात्र अशी जखम असेल तर ‘माझ्याकडे माशांची टाकी आहे’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. त्या एका वाक्याने रुग्णाचे काही महिने वाचू शकतात, कारण हा जंतू तपासण्यासाठी प्रयोगशाळेला वेगळ्या, कमी तापमानावर नमुना ठेवावा लागतो.

काळजी साधी आहे. हाताला जखम असेल तर लांब रबरी मोजे घालावेत. हात घालण्यापूर्वी हीटरचा प्लग काढावा. पाणी उपसताना नळी तोंडाने ओढू नये. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि टाकीचे सामान स्वयंपाकघरात धुऊ नये. नवीन मासा काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. नळाच्या पाण्यातील टीसीएल पावडरचा क्लोरीन उडून जावा म्हणून अनेकजण पिंपात पाणी साठवतात. ते पिंप कापडाने घट्ट बांधावे आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडे करावे. नाहीतर आठवडा-दहा दिवसांत त्यातून डेंग्यूचे डास बाहेर पडतील.

जो रोज पाणी बदलण्याचा कंटाळा करतो त्याने डिस्कस पाळू नये, हे माझे स्पष्ट मत. ज्या घरात बादली आणि नळी वेळेवर हलते तेथे कॅप्सूलची पाळी सहसा येत नाही. माणसांच्या बाबतीतही आम्ही डॉक्टर गेली कित्येक वर्षे वेगळे काय सांगत आलो आहोत?