आधी कोण गेलं, प्रेक्षक की टॉकीज?

तालुक्याच्या गावातली एखादी टॉकीज पाडली की वर्तमानपत्रात ठरलेला मृत्युलेख येतो. टीव्ही आला, मग व्हिडिओ, केबल, मल्टिप्लेक्स, शेवटी मोबाइल. प्रेक्षक पांगला आणि मालकाने जड अंतःकरणाने कुलूप घातलं. सोबत थर्डातल्या शिट्ट्या, पडद्यावर भिरकावलेली नाणी आणि मध्यंतरातला वडा. हळहळ ज्याची त्याची, तिच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलेल्या कारणाशी. प्रेक्षक गेला म्हणून टॉकीज बंद पडल्या, हा क्रमच उलटा आहे. आधी टॉकीज त्याच्यासाठी चालेनाशा करण्यात आल्या. तो त्यानंतर गेला.

पहिला आरोपी टीव्ही. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडू लागले, हे खरं. पण रविवार सकाळच्या खेळावर कुठल्या टॉकीजची चूल पेटत होती? चारच वर्षांनी, १९९१ मध्ये, ‘माहेरची साडी’ आला. खेड्यापाड्यांतल्या बायका गाड्या करून तालुक्याला आल्या, पदराने डोळे पुसत बाहेर पडल्या आणि पुन्हा आल्या त्या जावेला नाहीतर नणंदेला घेऊन. १९९४ मध्ये ‘हम आपके हैं कौन’ लागला तेव्हा तर केबलही गल्लीत शिरली होती. तरी टॉकीजपुढे रांगा होत्या. टीव्हीने सुमार चित्रपटाचं गिऱ्हाईक पळवलं असेल. चित्रपटगृहाचं पळवलं, असं म्हणायला आधार नाही.

व्हिडिओ पार्लरची साक्ष तर फिर्यादीवरच उलटते. ऐंशीच्या दशकात लोक कोंदट खोलीत, सतरंजीवर दाटीवाटीने बसून, टीव्हीच्या काचेवर थरथरणारं चित्र पैसे देऊन पाहत होते. ज्याला चित्रपट नकोसा झालाय तो हे सोसेल का? तो तिथे बसला, कारण मुंबईत लागलेला चित्रपट त्याच्या गावात कधी येईल याचा नेम नव्हता.

का नव्हता, हे नीट पाहायला हवं. चित्रपटाची प्रत महाग, म्हणून त्या मोजक्या निघत. त्या आधी मुंबई-पुण्यात फिरत, मग जिल्ह्याच्या गावी, आणि झिजून, ओरखडे पडून, मधली रिळं तुटून-चिकटून तालुक्याला पोचत. एसटीच्या टपावरून पेटी उतरली की ऑपरेटर आधी रिळं तपासायचा. गाणं अर्ध्यात तुटलं की प्रेक्षक त्याच्याच नावाने शिव्या घालायचे. तो बिचारा दुसऱ्याचे कट सांधत बसलेला असायचा.

त्यात या धंद्याचा नकाशा. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये झालं, पण वितरकांना ते अजून पुरतं कळलेलं नाही. त्यांच्या हिशेबात विदर्भ आजही ‘सीपी-बेरार’ सर्किटमध्ये, मराठवाडा ‘निजाम’मध्ये आणि उरलेला महाराष्ट्र गुजरातसह ‘बॉम्बे’ सर्किटमध्ये मोडतो. इंग्रज गेले, निजाम गेला, मध्य प्रांत गेला, सर्किट राहिलं. नांदेड-लातूरची टॉकीज हैदराबादच्या हिशेबाचं शेपूट आणि अकोल्याची आणखी कुणाच्या तरी वहीचं. मराठी चित्रपट काढणाऱ्याला एकाच राज्यात तीन दारं ठोठावावी लागत. अशा व्यवस्थेत तालुक्याच्या प्रेक्षकाला ‘बी’ आणि ‘सी सेंटर’ म्हणत. वर्गवारी त्याच्या गावाची असली, तरी ती चिकटली त्याला.

२००५ च्या सुमारास उपग्रहावरून चित्रपट पाठवायची सोय झाली, यूएफओसारख्या कंपन्यांनी लहान गावांत यंत्रं बसवली आणि पहिल्याच शुक्रवारी नवा चित्रपट तालुक्यात दिसू लागला. पेटीची वाट बघणं संपलं. ‘प्रेक्षक गेला’ हे खरं असतं, तर या सोयीचा काही उपयोग झाला नसता. पण २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला आणि सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपुरात रात्री बाराचा आणि पहाटे तीनचा खेळ लावावा लागला. पहाटे तीनला! जे लोक मेले म्हणून तुम्ही मृत्युलेख लिहीत होता, ते झोप सोडून तिकीट काढत होते.

यावर प्रतिवादी म्हणतील, तेव्हा स्वस्त डेटा कुठे होता? ठीक आहे, डेटा आल्यानंतरचं पाहू. नोव्हेंबर २०२३ मध्ये मालेगावच्या मोहन चित्रपटगृहात ‘टायगर ३’ चालू असताना प्रेक्षकांनी आतच फटाके उडवले. प्रकार धोकादायक आणि निंद्यच. पण फटाके उडवायला माणसं आत होती, एवढं तरी मान्य करा. मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात, म्हणून शुक्रवार हा तिथे सिनेमाचा वार. मागावरच्या कामगाराच्या खिशात मोबाइल आहेच. त्याला आठवड्याची सुट्टी चार माणसांत, मोठ्या पडद्यासमोर घालवायची असते आणि त्याच्या रोजंदारीला झेपेल असं तिकीट त्याच्या गावात मिळतं. तेलुगू आणि तमिळ मुलखातल्या लहान गावांतही टीव्ही, केबल, मोबाइल सगळं आपल्याइतकंच पोचलं. तरी देशातल्या पडद्यांचा मोठा वाटा आजही दक्षिणेत आहे. एकाच रोगाने शेजारचा मरतो आणि पलीकडचा धडधाकट राहतो, तेव्हा वैद्याने रोगाचं नाव पुन्हा तपासावं.

आता मल्टिप्लेक्स. त्याने तालुक्याचा प्रेक्षक पळवला, हे म्हणणं भूगोलातच बसत नाही. बार्शी किंवा चाळीसगावचा माणूस दर आठवड्याला शहर गाठून दोनशेचं तिकीट काढत नाही. मल्टिप्लेक्सने पळवला तो निर्माता. २००१ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षं करमणूक कर पूर्ण माफ केला आणि पुढची दोन वर्षं मोठी सवलत दिली. गावातल्या जुन्या थिएटरकडून मात्र करमणूक कर निरीक्षक तिकिटांचे अर्धुक मोजून वसुली करत राहिला. २००९ मध्ये निर्मात्यांनी संप केला आणि मल्टिप्लेक्सशी वाटणी ठरवून घेतली: पहिल्या आठवड्यात निम्मी, मग साडेबेचाळीस टक्के, मग साडेसदतीस, मग तीस. एकपडदा थिएटरवाल्याला या टेबलावर खुर्ची नव्हती. मोठा चित्रपट हवा तर बहुतेक गल्ला वितरकाला द्या, नाहीतर ठोक रक्कम आगाऊ मोजा. चित्रपट पडला तर नुकसान टॉकीजचं, चालला तर फायदा वरच्यांचा. पुढे चित्रपटही दोनशे-तीनशे रुपयांच्या तिकिटाकडे डोळे लावून निघू लागले. पन्नास रुपयेवाला प्रेक्षक हिशेबातून उतरला, तसा कथेतूनही उतरला. मग त्याने त्या कथांकडे पाठ फिरवली तर बोल कुणाला लावायचा?

इथवर वाचून टॉकीजमालक खूश झाले असतील, तर त्यांनी जरा थांबावं. ‘आम्हाला सरकारने मारलं’ हे त्यांचं पालुपदही अर्धंच खरं आहे. खुर्च्यांतले ढेकूण सरकारने सोडले नव्हते. बायकांच्या मुतारीचं दार वर्षानुवर्षं मोडकं ठेवा, असा जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम नव्हता. धंदा मंदावला तशी अनेकांनी मॉर्निंग शोला ‘तसले’ चित्रपट लावले, भिंतीवर तशी पोस्टरं चिकटवली, आणि मग कुटुंबं येत नाहीत म्हणून कपाळाला हात लावला. ‘माहेरची साडी’साठी गाड्या भरून आलेली बाई पुढे आली नाही, याचं सगळं खापर दूरदर्शनवर फोडता येत नाही.

दुसरी गोष्ट त्यांना अजून बोचेल. टॉकीज उघडल्या त्याही काही निव्वळ कलाप्रेमापोटी नव्हेत. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आल्यावर बोलपटाला पक्कं छप्पर आणि खात्रीची वीज लागली. कापसाच्या गावात जिनिंगवाल्याकडे, बागायती गावात व्यापाऱ्याकडे पैसा होता. त्याने गावाबाहेर स्वस्तात जागा घेऊन थिएटर बांधलं. यात वावगं काहीच नाही. पण गाव वाढलं, ती जागा ऐन बाजारपेठेत आली, आणि तिसऱ्या पिढीतल्या भावांना बारा-तीन-सहा-नऊच्या खेळांपेक्षा दुकानगाळ्यांचा हिशेब जास्त पटला. कित्येक टॉकीज पडद्यासमोर नव्हे, वाटणीपत्रावर बंद झाल्या.

त्यात कायद्याने आणखी गंमत केली. थिएटरच्या जागी नवं बांधायचं तर जुन्या आसनांच्या निदान एक तृतीयांश क्षमतेचं चित्रपटगृह ठेवा, अशी अट. हेतू चांगला. पण मागे उरणाऱ्या त्या लहान पडद्याला चित्रपट कोणत्या टक्क्यांनी मिळणार, याची तजवीज कुणी केली नाही. मग मालक ना चालवतो, ना बांधतो. इमारत कुलूपबंद, गच्चीवर पिंपळ, आणि तिच्यावरच आपला मृत्युलेख.

मग माझा पक्ष काय? जुन्या टॉकीज वारसा म्हणून जपा, अशी मागणी मी करत नाही. हजार खुर्च्यांचं थंडगार भूतघर कुणालाच परवडणार नाही. तालुक्याला हवा तो दीडशे-दोनशे खुर्च्यांचा, स्वच्छ, चांगल्या आवाजाचा पडदा आणि शंभराच्या आतलं तिकीट. दर उतरला की माणसं येतात, हे मल्टिप्लेक्सवाल्यांनी स्वतःच दाखवून दिलंय: २३ सप्टेंबर २०२२ ला त्यांनी देशभर तिकीट ७५ रुपये केलं आणि एका दिवसात पासष्ट लाख लोक आले. सप्टेंबर २०२५ पासून शंभरापर्यंतच्या तिकिटावर जीएसटी पाच टक्के आहे, त्यावरच्या तिकिटावर अठरा. म्हणजे करातला अडथळा, उशिरा का होईना, सरला. एक तृतीयांशाची अटही या कामी येईल. खाली दुकानं, वर छोटा पडदा, दुकानांच्या भाड्यावर वरचा पडदा तगेल. मात्र पहिल्या आठवड्याची जी निम्मी वाटणी मल्टिप्लेक्सला मिळते, तीच या पडद्याला मिळाली पाहिजे. राज्य सरकार चित्रपटांना अनुदान देतं. ते घेणाऱ्या निर्मात्यांना एवढी अट घालायला काय हरकत आहे?

आणि वेळापत्रक गावाचं हवं. मालेगावचा शुक्रवार, आठवडी बाजाराचा दिवस, ऊस गेल्यानंतरचे महिने, जत्रा. तंबूवाल्यांना हे कधीच कळलं होतं. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात गेला, तो याच मुलखातल्या फिरत्या टॉकीजवाल्यांवर होता. गंजक्या ट्रकमध्ये प्रोजेक्टर घालून ते जत्रेमागून जत्रा गाठत. त्यांच्या यंत्रांनी दगा दिला, चित्रपट मिळवताना दमछाक झाली.

निर्माते यावर म्हणतात, छोट्या गावांतून गल्लाच येत नाही, मग तिथल्यासाठी टक्के का सोडायचे? त्यांच्या वहीत त्या गावांपुढे शून्य आहे, हे खरं. गेल्या पाच वर्षांत त्यांतल्या किती गावांत पडदा होता, त्याचा रकाना मात्र त्या वहीत नाही.