पस्तीसचा आकडा आणि कुंभारीची रिक्षा

सोलापूर शहरापासून दहाबारा किलोमीटरवर, अक्कलकोट रस्त्याला कुंभारी आहे. तिथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. शेजारीच रे नगर वसले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यातली पंधरा हजार घरे कामगारांच्या ताब्यात आली. घर मिळाले, पण शहर लांब गेले. दवाखाना, बाजार, मुलांचे कॉलेज, सरकारी कचेऱ्या, सगळे सोलापुरात. मधले अंतर तोडते ती शेअर रिक्षा. आठवड्याला हजारभराच्या आसपास हातात येणाऱ्या घरात जाण्यायेण्याचे भाडे ही किरकोळ बाब नसते. म्हणून तीनचाकी गाडीला नवे इंजिन आले की ‘अॅव्हरेज किती देईल?’ हा प्रश्न केवळ चालकाचा राहत नाही, मागच्या सीटवर बसणाऱ्या बाईचाही होतो.

या प्रश्नाला कंपन्यांनी दिलेल्या उत्तरांत एक आकडा पुन्हा पुन्हा भेटतो. बजाज ऑटोने जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात ‘आरई ६०’ ही छोटी गाडी दाखवली आणि लिटरला ३५ किलोमीटर सांगितले. चाके चार असली तरी तिचे कूळ रिक्षाचेच: मागे बसवलेले एकाच सिलिंडरचे इंजिन, २१६ सीसीचे. अशा गाड्यांसाठीच्या नियमांची वाट पाहता पाहता ती ‘क्यूट’ या नावाने महाराष्ट्रात विक्रीला आली तोवर २०१९ उजाडले होते. साधारण त्याच काळात अमेरिकेत पॉल एलिओ नावाचे गृहस्थ दोन माणसांची तीनचाकी मोटार आणण्याच्या खटपटीत होते. तिच्यासाठी ०.९ लिटरचे तीन सिलिंडरचे इंजिन नव्याने तयार करवून घेतले. महामार्गावर गॅलनला ८४ मैल, किंमत ६,८०० डॉलर, अशी ग्वाही होती. ८४ मैलांचा हिशोब आपल्या मापात केला तर लिटरला ३५ किलोमीटरच्या थोडे वरच येतो. पासष्ट हजारांच्या आसपास लोकांनी गाडी नोंदवली, लुईझियानातला जनरल मोटर्सचा रिकामा कारखाना ठरला, नमुन्याच्या गाड्या फिरल्या. विक्रीची गाडी मात्र कारखान्यातून बाहेर पडलीच नाही.

एकाने गाडी रस्त्यावर आणली, दुसऱ्याला जमले नाही, एवढाच फरक मला यात दिसत नाही. पेट्रोल महाग झाले की तिसऱ्या चाकावर आशा ठेवायची, हे पाऊणशे वर्षे चालू आहे. वजन कमी, चाक एक कमी, इंजिन स्कूटरचे, करही बहुतेक देशांत कमी. इंग्लंडमध्ये रिलायंटच्या तीनचाकी मोटारी मोटारसायकलच्या परवान्यावर चालवता येत, म्हणून गिरणी-खाणीतल्या कुटुंबांनी त्या घेतल्या. युद्धात होरपळलेल्या इटलीत विमानांचे अभियंते कोराडिनो दास्कानियो यांनी आधी व्हेस्पा स्कूटर आणि १९४८च्या सुमारास तिच्यावरूनच ‘आपे’ ही मालवाहू तीनचाकी दिली. आपल्या रिक्षाची आजी तीच.

आपल्याकडे ती आली बजाज आणि फिरोदिया यांच्या हातून. बजाजला स्कूटर आणि तीनचाकी बनवण्याचा परवाना १९५९ साली मिळाला आणि पुण्याजवळच्या आकुर्डीत पियाजिओच्या सहकार्याने काम सुरू झाले. सुरुवातीच्या रिक्षांत इंजिन पुढे, चालकाच्या बुडाखाली. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीच्या वर असताना, त्या गरम इंजिनावर दिवसभर बसणे काय असेल याची कल्पना करावी. १९७७ साली बजाजने मागे इंजिन असलेली रिक्षा आणली. चालकाच्या डाव्या हाताशी असलेला तो लांब दांडा खालून वर झटक्याने ओढायचा, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा फटफट सुरू. ही आठवण चाळिशीपुढच्या प्रत्येक सोलापूरकराला असेल. टांग्यांना हटवून शहर ताब्यात घेतले ते या गाडीने.

या गाडीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचा दोष त्याच्या रचनेतच होता, आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर ढकलायला वेगळा फेरा नसतो. नवे पेट्रोल-हवेचे मिश्रण आत शिरते आणि तेच जुन्या धुराला बाहेर लोटते. लोटता लोटता ते स्वतःही थोडे बाहेर निसटते. अशा इंजिनांत १५ ते ४० टक्के इंधन न जळताच धुराड्यातून जाते, असे अभ्यास सांगतात. त्यात इंजिन जाम होईल या धास्तीने पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल हात सैल सोडून ओतले जाई. पेट्रोल परवडेना तेव्हा रॉकेलही मिसळले जाई. रिक्षामागचा तो निळसर धूर म्हणजे चालकाच्या कमाईचाच एक भाग होता, डोळ्यांदेखत हवेत जाणारा. १९७३च्या तेलसंकटानंतर आणि पुन्हा १९७९ नंतर जगभर इंधन जपण्याच्या गोष्टी झाल्या, पण आपल्या रिक्षाचे इंजिन पुढची वीसेक वर्षे तसेच राहिले. परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाईक रांगेत उभे असताना इंजिन सुधारण्याची घाई कुणाला असणार?

त्याआधीच इचलकरंजीत, म्हणजे सोलापूरसारख्याच मागाच्या गावात, शंकरराव कुळकर्णी नावाचा स्वतःच्या हिमतीवर शिकलेला माणूस ‘मीरा’ नावाची छोटी मोटार घडवत होता. चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून १९७० पर्यंत त्यांनी नमुन्यांवर नमुने केले. लिटरला वीसेक किलोमीटर जाणारी, सामान्य कुटुंबाला परवडेल अशी गाडी. तिचे उत्पादन झालेच नाही. बंगळुरूच्या सनराइज कंपनीने सत्तरच्या दशकात ‘बादल’ ही तीनचाकी मोटार काढली, तीही फार टिकली नाही. म्हणजे कमी पेट्रोलवर चालणारी कुटुंबाची गाडी या देशात बनू शकत होती. बनू दिली गेली नाही किंवा तगली नाही. शेवटी गरिबाच्या वाट्याला मोटार म्हणून रिक्षाच उरली, आणि तीही भाड्याची.

मग १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या हवेबद्दल आदेश दिले आणि गाडी हलली. धुराचे नियम कडक होत गेले, २०००, २००५, २०१०, २०१७, २०२०. टू-स्ट्रोकच्या जागी फोर-स्ट्रोक आले. मधे बजाजने २००७ साली एक वेगळा प्रयत्न केला, त्याचे मला आजही कौतुक वाटते. ऑस्ट्रेलियातल्या ऑर्बिटल कंपनीचे तंत्र घेऊन टू-स्ट्रोक इंजिनातच पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारायची सोय केली. धूर लोटायला नुसती हवा, आणि बाहेरची वाट बंद झाल्यावर पेट्रोल. इतकी वर्षे धुराड्यातून जाणारे पेट्रोल वाचवण्याचा तो सरळ उपाय होता. पण बाजार फोर-स्ट्रोकचा झाला आणि त्या इंजिनाची चर्चाही थांबली.

फोर-स्ट्रोकने इंधन वाचवले, यात शंका नाही. पण वाचलेले गेले कुठे ते पाहावे. टू-स्ट्रोक प्रत्येक फेऱ्याला जोर देते, फोर-स्ट्रोक दोन फेऱ्यांत एकदा. तेवढीच ओढ हवी तर इंजिन मोठे करावे लागते. १४५ सीसीचे इंजिन १७५च्या घरात गेले, मग २००च्या जवळ, आणि २०२०च्या नियमांसाठी आलेले २३६ सीसीचे झाले. धूर स्वच्छ करणारी यंत्रणा आली, फवारणीचे इलेक्ट्रॉनिक यंत्र आले, गाडीची किंमत चढली, कर्जाचा हप्ता चढला. हवा सुधारली, ही मोठी कमाई आहे आणि ती सगळ्या शहराची आहे. मात्र तिची किंमत मुख्यत्वे चालकाने हप्त्यातून भरली आणि कुंभारीच्या सीटने भाड्यातून. अॅव्हरेजची बचत त्या दोघांच्या खिशात शिल्लक राहिली, असे म्हणायला मला आधार दिसत नाही.

आता तो शोरूममधला आकडा. त्यामागे असते इंजिनाची प्रयोगशाळेतली चाचणी. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून ‘एआरएआय’ ही संस्था आहे, तिथे गाडी रोलरवर उभी करून पळवतात. आपल्याकडच्या मूळ चाचणीचा एक फेरा १०८ सेकंदांचा. असे सहा फेरे, एकूण चार किलोमीटरहून थोडे कमी अंतर. जास्तीत जास्त वेग ताशी ४२, सरासरी २२च्या जवळपास. चाचणी प्रामाणिक आहे, दोन इंजिनांची तुलना करायला तिचा उपयोगही आहे. पण रोलरवर अक्कलकोट रस्त्याचे खड्डे नसतात, एमआयडीसीकडे वळणाऱ्या ट्रकमागे पहिल्या गिअरमध्ये सरकत राहणे नसते. तीन जणांची परवानगी असलेल्या गाडीत मागे चार, पुढे चालकाला खेटून एक, आणि पायांत पिशव्या, असे ओझे नसते. दर दोनशे मीटरवर ‘थांबवा इथं’ अशी हाक येत नाही. उन्हाळ्यात धुळीने बंद पडत आलेला एअर फिल्टरही नसतो.

चालकाला स्वतःलाही खरा आकडा क्वचितच माहीत असतो, आणि याचे कारण त्याचे अज्ञान नव्हे. टाकी फुल्ल करायला रोकड हातात नसते. सकाळी शंभरचे, दुपारी धंदा पाहून आणखी शंभरचे. मुंबईहून नळाने पाकणीच्या डेपोपर्यंत आलेले पेट्रोल शेवटच्या टप्प्यात असे शंभर-शंभर रुपयांनी विकत घेतले जाते. त्यामुळे तो लिटरवर बोलत नाही, ‘दोनशेत किती ट्रिपा’ यावर बोलतो. हा हिशोब त्याच्या संसाराला पुरतो, पण कंपनीशी किंवा परिवहन कार्यालयाशी वाद घालायला पुरत नाही.

किलोमीटरचा आकडा आणखी एका बाबतीत चकवतो. समजा रिक्षा रोज शंभर किलोमीटर चालते. लिटरला १५ वरून २० झाले तर रोज १.६७ लिटर वाचते. ३० वरून ३५ झाले, तितकेच पाच वाढले, तर वाचते जेमतेम अर्धा लिटर. म्हणजे खराब कार्बोरेटरची, कमी हवेच्या टायरांची जुनी गाडी नीट करून १५ची २० केली, तर होणारा फायदा नव्या कोऱ्या इंजिनाच्या ३५च्या जाहिरातीपेक्षा तिपटीहून अधिक आहे. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर, असे मोजतात. आपण ते मोजमाप उचलले असते तर कितीतरी चालकांनी जुनी गाडी विकून नवे कर्ज डोक्यावर घेण्याआधी गॅरेज गाठले असते.

आणि मोजायचेच तर माणसामागे मोजावे. २५ देणारी रिक्षा तीन माणसे नेते तेव्हा एका लिटरवर माणसांचा ७५ किलोमीटर प्रवास होतो. चाळीस माणसांची सिटी बस लिटरला चारच किलोमीटर गेली तरी तो १६० होतो. सोलापूरच्या परिवहनाच्या बसगाड्या वर्षानुवर्षे घटत गेल्या, तेव्हा शहराने इंधनाच्या काटकसरीचे सर्वांत मोठे इंजिनच बंद पडू दिले. मागच्या सीटवर चौथे माणूस का बसते, याचे उत्तर त्यात आहे. लोक हौसेने कोंबून घेत नाहीत.

मला काय हवे आहे ते सरळ लिहितो. महाराष्ट्रात रिक्षाचे भाडे सूत्राने ठरते. २०१२ साली हकीम समितीने त्याची मांडणी केली, पुढे खटुआ समितीने तिचा फेरविचार केला. इंधनाचा खर्च हा त्या सूत्राचा कणा आहे, आणि इंधनाचा खर्च म्हणजे गाडीचे अॅव्हरेज. ते जास्त धरले तर चालक बुडतो, कमी धरले तर प्रवासी. सोलापूरच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने हा आकडा रोलरवरून न घेता रस्त्यावरून घ्यावा. कुंभारी ते एसटी स्टँड, होटगी रस्ता, विजापूर वेस अशा मार्गांवर रोजच्याच गाड्या, रोजचेच चालक आणि रोजचेच ओझे घेऊन, टाकी सीलबंद करून, एक महिना उन्हाळ्यात आणि एक पावसाळ्यात मोजणी करावी. पेट्रोल, एलपीजी, सीएनजी, डिझेल, प्रत्येकाची वेगळी. शहरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत; मोजमापाचे काम तिथली मुले आनंदाने करतील. निघालेला आकडा शंभर किलोमीटरला किती इंधन या मापात रिक्षा स्टँडवरच्या भाडेपत्रकाशेजारी लावावा.

आता विजेच्या रिक्षा आल्या आहेत. महिंद्राची ट्रिओ २०१८ पासून, बजाजची २०२३ पासून. त्यांच्या जाहिरातीत लिटरऐवजी ‘एका चार्जला किती’ असा आकडा असतो, आणि तोही प्रयोगशाळेतूनच येतो. बॅटरी उन्हात लवकर थकते, ओझ्याने लवकर उतरते आणि बदलायची वेळ आली तर खर्च मोठा असतो. म्हणून त्या गाड्यांसाठी कर्ज देणाऱ्या बँकांनी आणि अनुदान देणाऱ्या सरकारनेही हीच मोजणी मागावी, एप्रिलमधली, दुपारची, भरल्या गाडीची; आणि ती हातात आल्यावरच हप्ता किती बसवायचा ते ठरवावे.