‘साहेबांना पाठवा’ आणि जुन्या गाडीचा एसी

मैत्रिणींनो, गाडीतला एसी म्हणजे चैन, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मे महिन्यात भर दुपारी विदर्भातल्या कुठल्याही रस्त्यावरून पन्नास किलोमीटर जाऊन यावं. बरोबर दम्याचं एखादं माणूस घ्यावं. काच उघडली तर धूळ आणि झळा, बंद ठेवली तर भट्टी. माझ्या सासूबाईंना तपासणीसाठी दर महिन्याला जिल्ह्याच्या गावी न्यावं लागतं, म्हणून २००९ सालच्या आमच्या गाडीचा एसी चालू राहणं ही माझ्या घरची गरज आहे. नवी गाडी घ्यायची ऐपत नाही, आणि आहे ती इंजिनाने अजून ठणठणीत आहे. तुमच्यापैकी अनेकींच्या दारात अशीच एखादी गाडी असणार.

अशी गाडी घेऊन गॅरेजात गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं. “ताई, साहेबांना पाठवा ना. किंवा फोन तरी लावून द्या.” गाडी माझ्या नावावर, चालवते मी, पैसे माझ्या पगारातले, पण कुठला पार्ट टाकायचा हे साहेबांनी सांगायचं! आणि साहेब ऑफिसातून काय सांगणार? “बघा काहीतरी, बरासा टाका.” या ‘बरासा’तच सगळी गोम आहे. खोक्यात काय आहे ते कुणी बघत नाही, आणि तीन महिन्यांनी एसीतून पुन्हा गरम वारा यायला लागतो.

सोनं घेताना हॉलमार्क बघणाऱ्या, डाळीत खडा शोधणाऱ्या आपण. हे काही त्याहून अवघड नाही. घरातल्या फ्रीजचं आणि गाडीच्या एसीचं तंत्र एकच. कॉम्प्रेसर गॅस दाबतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेला कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकतो. मग एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो सुटतो आणि डॅशबोर्डच्या आतली कुलिंग कॉइल गार करतो. वाटेत एक ड्रायर असतो. नव्या पर्समध्ये पांढऱ्या दाण्यांची पुडी येते ना, तसलेच ओल शोषणारे दाणे त्यात असतात. एवढी पाच नावं पाठ असली की गॅरेजवाल्याच्या बोलण्याचा सूर बदलतो. अनुभव घेऊन बघा.

आता पार्टचं. काउंटरवर चार तऱ्हा मिळतात. एक, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला. दोन, ज्या कारखान्याने कंपनीला तो पुरवला त्याच्याच खोक्यातला. सुब्रोस, डेन्सो अशा कंपन्या गाडी बनवणाऱ्यांना एसीची सामग्री पुरवतात आणि स्वतःच्या नावानेही बाजारात विकतात. तीन, तिसऱ्याच कुणी तरी बनवलेला ‘लोकल’. यात चांगलेही असतात आणि अगदीच टाकाऊही. चार, रिकंडिशन, म्हणजे जुनाच उघडून, सील बदलून, रंग मारून दिलेला. यांच्याशिवाय एक पाचवी जात आहे, ती म्हणजे नामांकित कंपनीचं खोकं आणि आत भलताच माल. खोक्यावर एमआरपी, बनवल्याचा महिना आणि वर्ष, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीचा नंबर हे सगळं असायलाच हवं. छपाई पुसट किंवा नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे असेल तर सरळ परत करा.

जुन्या गाडीला सगळंच कंपनीचं घालणं परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. मी एक हिशेब धरला आहे. पार्टची किंमत नंतर, तो बसवायला काय काय उघडावं लागतं ते आधी विचारायचं. कुलिंग कॉइलसाठी कित्येक गाड्यांचा अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. (काहींमध्ये डाव्या बाजूचा खण काढला की काम भागतं.) दिवसभराची मजुरी देऊन तिथे स्वस्त कॉइल बसवायची, आणि ती वर्षभरात गंजून गळायला लागली की तीच मजुरी पुन्हा भरायची, यात बचत कसली? तिथे चांगलाच पार्ट घ्यावा. याउलट रिले किंवा केबिन फिल्टर हाताने निघतो, तिथे बऱ्यापैकी लोकल चालून जातो. बिघडला तर दहा मिनिटांचं काम.

कंडेन्सर या दोन्हींच्या मधला. पुढचा बंपर काढून तो निघतो, पण दगडधोंडे, चिखल, उष्णता सगळं तोच सोसतो. लोकल घ्यायचा झाला तर जुना काढून शेजारी ठेवायला सांगा. जाडी सारखी आहे का, जाळीच्या पट्ट्या तितक्याच दाट आहेत का, आणि हातात घेतल्यावर तो फारच हलका तर लागत नाही ना, हे बघायला कुठलीही पदवी लागत नाही. बसवण्याची भोकं जुळत नसतील आणि मिस्त्री “ठोकून बसवतो” म्हणाला, तर नको म्हणा. ताणाखाली बसवलेला पाइप खड्ड्याखड्ड्याने सैल होतो.

कॉम्प्रेसरवर मात्र थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात मोठी रक्कम तिथे जाते. आवाज आला की “कॉम्प्रेसर गेला” असं पटकन सांगितलं जातं. इंजिन चालू ठेवून एसी बंद करून बघा. तरीही घरघर येत असेल तर तो बहुधा पुलीच्या बेअरिंगचा आवाज असतो, कारण पुली एसी बंद असतानाही फिरतच असते. बेअरिंग वेगळं मिळतं, क्लचही वेगळा मिळतो. आमच्या गाडीसाठी मला आधी सांगितला होता नवा कॉम्प्रेसर. दुसऱ्या गॅरेजात दाखवलं तर काम बेअरिंगवर भागलं, आणि वाचलेल्या पैशांत पुरवठादार कंपनीच्या खोक्यातला कंडेन्सर आला.

पण कॉम्प्रेसर आतून खरोखरच जाम झाला असेल, तर नुसता कॉम्प्रेसर बदलून भागत नाही. त्याच्या आतल्या धातूचा चुरा पाइपांतून सगळीकडे पसरलेला असतो. तो न काढता नवाकोरा कॉम्प्रेसर बसवला तर तोही त्याच चुऱ्याने मरतो. पाइप धुवायचे, ड्रायर नवा, एक्सपान्शन व्हॉल्व्ह नवा, आणि बारीक नळ्यांचा कंडेन्सर नीट धुतला जात नाही म्हणून बहुतेकदा तोही नवा. हा सगळा खर्च जमत नसेल तर थोडं थांबा, पैसे जमवा, पण अर्धवट काम करू नका. रिकंडिशन कॉम्प्रेसर घेणारच असाल तर तो कुणी केला आणि किती महिन्यांची लेखी हमी आहे, हे आधी विचारा. तोंडी हमी पावसाळ्यातल्या पापडासारखी असते.

ड्रायरच्या बाबतीत तर अजिबात काटकसर नको. एसीची लाइन एकदा उघडली की हवेतली ओल आत शिरते आणि जुन्या ड्रायरचे दाणे भिजून जातात. ओल राहिली तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ धरतो, आणि पुढे आम्ल तयार होऊन धातू खातो. त्याच वेळी सांध्यांच्या रबरी ओ-रिंगही बदलून घ्या, त्यांची किंमत चिल्लर. मग पंपाने निदान अर्धा तास व्हॅक्युम, आणि त्यानंतरच गॅस.

दर उन्हाळ्यात “गॅस संपला, भरून टाकू” म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा, तो गेला कुठे? पेट्रोलसारखा तो जळून जात नाही. संपला म्हणजे कुठून तरी गळतोय. आधी गळती शोधा. गळती बुजवणारं औषध लाइनमध्ये ओततो म्हणाला तर नको म्हणा, ते व्हॉल्व्ह बुजवून बसतं. या वयाच्या गाड्यांना लागतो तो आर-१३४ए, आणि तो किती ग्रॅम भरायचा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. वजन करून भरायला लावा. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो. सिलिंडरवर नाव नसेल तर तिथे थांबू नका. २०११ मध्ये याच गॅसच्या नावाखाली बनावट गॅस भरलेल्या थंड मालवाहू कंटेनरांचे स्फोट होऊन कामगार दगावले होते. भेसळीतलं रसायन आतल्या ॲल्युमिनियमशी भिडलं होतं.

आणि बिल. “बिल नको घेऊ ताई, जीएसटी वाचेल” हे प्रेमाने सांगितलं जातं. सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के आहे, त्यामुळे मोह होणारच. पण पार्टचं नाव, नंबर आणि हमी लिहिलेलं बिल हातात नसेल तर उद्या भांडायचं कशाच्या जोरावर? बिल असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही आपल्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. बिलावर नाव मात्र स्वतःचं घालायला सांगा. काढलेला जुना पार्टही मागून घ्या, तो आपलाच असतो. भंगारवाला त्याचे पैसे देतो, आणि खरंच बदलला की नाही तेही कळतं.

एक राहिलंच. हिवाळ्यात एसी लागत नाही म्हणून चार महिने तो बंद ठेवू नका. आठवड्यातून दहा मिनिटं चालवला की आतलं तेल फिरत राहतं आणि कॉम्प्रेसरचं सील कोरडं पडत नाही. मी दर रविवारी बाजारात जाताना चालवते. सासूबाई शाल गुंडाळून कुरकुरतात, पण मे महिन्यात मागच्या सीटवर शांत झोपतात.