टाइल फुटली, पण दावा लावायचा कुठे?

मुंबईत भाड्याने राहणाऱ्या पब्लिकचे दोनच प्रकार. डिपॉझिट पूर्ण परत मिळालेले लकी लोक, आणि बाकीचे आपण सगळे!

माझी एक मैत्रीण बाकीच्यांतली. तीन वर्षांनी अंधेरीचा फ्लॅट सोडला, किल्ल्या दिल्या आणि आठवड्याभराने घरमालक काकांचा हिशेब आला. अख्ख्या घराचा रंग, बाथरूमच्या टाइल्स, किचनमधली ट्रॉली. एकूण 42 हजार, डिपॉझिटमधून वजा. ‘तीन वर्षांत भिंत मळणारच ना? सरळ स्मॉल कॉजेसमध्ये खेचते काकांना. नावातच आहे, छोट्या केसेस!’ मॅडम जाम भडकल्या होत्या.

नाव ऐकून कुणालाही असंच वाटेल. पण खरा लोच्या तिथेच आहे.

धोबी तलावचं लघुवाद न्यायालय चालतं 1882 च्या कायद्यावर. त्याच्या कलम 41 नुसार घरमालक आणि भाडेकरू किंवा लायसन्सी यांच्यातले जागेचा ताबा, भाडं, लायसन्स फी आणि ‘चार्जेस’ यांचे दावे इथेच चालतात. जागा कितीही महाग असो. म्हणजे कोट्यवधींच्या फ्लॅटच्या ताब्याचं भांडण या ‘लघु’ कोर्टात आरामात बसतं. साध्या पैशाच्या दाव्याला मात्र मर्यादा आहे, 10 हजार रुपये. आजच्या मुंबईत एवढ्यात एक बेडरूम तरी रंगवून होईल का?

आता फुटलेल्या टाइल्स कुठे बसवायच्या? कलम 41 च्या यादीत ‘नुकसानभरपाई’ नाही, ‘डिपॉझिट’ही नाही. त्यामुळे पहिली फाइट टाइल कुणी फोडली यावर होतच नाही. ही रक्कम ‘चार्जेस’मध्ये येते की हा साधा पैशाचा दावा, यावरच वकील भिडतात. साधा दावा ठरला, तर 42 हजारांसाठी गाठायचं नगर दिवाणी न्यायालय, जिथे 2024 पासून 10 कोटींपर्यंतचे दावे चालतात. चुकीच्या कोर्टात गेलात तर दावा योग्य कोर्टात लावण्यासाठी परत मिळतो. मधले महिने आणि वकिलाची फी कोण परत देणार? आणि 42 हजारांचे पाच तुकडे करून पाच छोटे दावे लावू, असा फंडा डोक्यात असेल तर विसरा. एका कारणाचा दावा एकदाच, हा दिवाणी कायद्याचा साधा नियम आहे.

बरं, मळलेल्या भिंतीचं काय? मालमत्ता हस्तांतरण कायदाही 1882 चाच. लीजवर घेतलेली जागा चांगल्या स्थितीत परत करा, पण रोजच्या वापराने होणारी झीज त्यात धरायची नाही, असं तो सांगतो. आपलं 11 महिन्यांचं ॲग्रीमेंट मात्र बहुतेक वेळा लीज नसतंच. ते असतं लीव्ह अँड लायसन्स. तिथे वजन असतं कागदावर लिहिलेल्या अटींना. ‘झीज वगळून’ हे दोन शब्द सही करण्याआधी शोधाच, आणि सापडले नाहीत तर घालून घ्या.

ॲग्रीमेंट रजिस्टर करणं ही 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने घरमालकाची जबाबदारी आहे. केलं नाही, तर उलटं सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे काकांना प्रेमाने सांगायला हरकत नाही.

मैत्रिणीने शेवटी कोर्टाचा नाद सोडला. नोटीस पाठवली, दोन मीटिंगा झाल्या, काकांनी रंगाचे पैसे सोडले, हिने टाइल्सचे दिले. तुमचं असं जमत नसेल तर दावा लावण्याआधी लोकअदालतीत जाता येतं. कोर्ट फी नाही, आणि समेट झाला तर त्याला कोर्टाच्या हुकुमनाम्याचं वजन असतं. पण दोन्ही पार्टी तयार हव्यात. आणि कोर्टाचाच रस्ता धरायचा असेल, तर पैशाच्या दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, हे विसरू नका.

तेव्हा पुढच्या वेळी घर घ्याल, त्या दिवशी सामान लावण्याआधी मोबाइल काढा. प्रत्येक भिंत, टाइल, नळ, सगळ्याचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला मेल करा. घर सोडताना पुन्हा तेच, दोघांनी मिळून. कोर्ट कुठलंही असो, तिथे आधी पुरावाच मागतात!