नाव तेच, यंत्र निराळे

वाचकहो, घरात नवी वस्तू आणावयाची ठरली म्हणजे जुनीचे काय करावे हा प्रश्न ओघानेच येतो. परंतु नवी वस्तू जुनीचेच नाव घेऊन दारात आली, तर तो अधिक अवघड होतो. म्हैसुरातील कित्येक घरांत वडिलांची किंवा आजोबांची ‘जावा’ फटफटी आजही पडवीत उभी आहे. घरातील तरुण म्हणतो, “बाबा, नवी जावा घेऊ या. जुनी देऊन टाकली म्हणजे तेवढीच किंमत कमी पडेल.” ह्या मागणीत योग्य काय आणि घाईचे काय, ते आज पाहू.

प्रथम ह्या नावाचा इतिहास ध्यानात घ्यावा. झेकोस्लोव्हाकियात फ्रान्टिशेक यानेचेक ह्यांनी 1929 साली हा उद्योग सुरू केला. त्यांचे आडनाव आणि ‘वांडरर’ ही जर्मन फटफटी ह्यांची आद्याक्षरे जोडून ‘जावा’ हे नाव घडले. मुंबईचे रुस्तुम इराणी प्रारंभी ह्या गाड्या परदेशातून आणवीत असत. पुढे आयातीवर निर्बंध आले, तेव्हा त्या येथेच बनविण्याचे ठरले. त्यातून 1960 मध्ये ‘आयडियल जावा’ ही कंपनी स्थापन झाली आणि 1961 मध्ये म्हैसूरच्या यादवगिरी भागातील कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. 1970 च्या दशकात त्याच कारखान्याच्या गाडीला ‘येझदी’ हे नाव मिळाले. 1996 साली कारखाना बंद पडला. पुढे 22 वर्षे ह्या नावाची नवी गाडी भारतात निघाली नाही. 2018 च्या नोव्हेंबरात ‘क्लासिक लेजंड्स’ ह्या महिंद्र समूहाशी संबंधित कंपनीने जावा पुन्हा बाजारात आणली. रुस्तुम इराणी ह्यांचे चिरंजीव बोमन इराणी हे तिच्या संस्थापकांपैकी एक होत. 2022 च्या जानेवारीत येझदीही परतली. ह्या नव्या गाड्या मात्र म्हैसुरात नव्हे, मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे तयार होतात.

येथे एक भेद मनाशी स्पष्ट असावा. युरोपात ‘गोल्फ’ नावाची मोटार 1974 पासून पिढ्यामागून पिढ्या चालत आली आहे. तिच्या ‘जी. टी. आय.’ ह्या वेगवान प्रकाराला 1976 मध्ये सुमारे 110 अश्वशक्ती होती आणि टर्बो नव्हता. आठव्या पिढीत टर्बोच्या साहाय्याने ती 245 पर्यंत पोहोचली. तेथे प्रत्येक पिढी मागील पिढीच्या खांद्यावर उभी राहिली. जावाच्या बाबतीत मात्र साखळी मध्येच तुटली होती. नाव, टाकीचा घाट आणि दोन बाजूंच्या दोन धुरनळ्या परत आल्या. यंत्र मात्र मुळापासून निराळे आहे.

जुन्या जावाचे इंजिन टू-स्ट्रोक, सुमारे 250 घनसेंटिमीटरचे. दट्ट्याच्या प्रत्येक फेऱ्याला त्यात एक स्फोट होतो, इंजिनाच्या माथ्यावर झडपा नसतात, आणि पेट्रोलातच ठरावीक प्रमाणात तेल मिसळावे लागते. तिचा तो ओळखीचा आवाज आणि मागे राहणारा निळसर धूर ह्याच रचनेतून येतात. गिअरचा दांडा आणि किकचा दांडा एकच असतो, ही तिची आणखी एक गंमत. 2018 च्या जावात 293 घनसेंटिमीटरचे, पाण्याने थंड राहणारे फोर-स्ट्रोक इंजिन होते. स्फोट दोन फेऱ्यांना एक, झडपा चार आणि गिअर सहा. जुन्या गाडीची शक्ती 12 अश्वशक्तीच्या आसपास, तर हिची 27. नवी पिढी म्हणजे नेहमीच अधिक शक्ती, असेही समजू नये. 2024 च्या ‘जावा 350’ मध्ये इंजिन 334 घनसेंटिमीटरचे झाले, परंतु अश्वशक्ती 22 च्या आसपास ठेवण्यात आली. शहरातील रहदारीत सावकाश चालतानाची ओढ बहुतेकांना अधिक उपयोगी पडते.

आता घरातील विचाराकडे वळू. मुलाला रोज कामावर जावयाचे असेल किंवा बंगळूरच्या हमरस्त्यावर वारंवार जाणे असेल, तर नवी गाडी घेण्यात शहाणपण आहे. जुन्या गाडीचे ड्रम ब्रेक आजच्या रहदारीच्या वेगासाठी बनविलेले नव्हते. नवीला डिस्क ब्रेक आहे, आणि चाक अडकून घसरू नये म्हणून ए. बी. एस. ही योजनाही आहे. 125 घनसेंटिमीटरवरील दुचाकींना 2019 पासून ती कायद्यानेच आवश्यक आहे. धुराविषयीचे 2020 चे नियमही नव्या यंत्रालाच पाळता येतात. परंतु “मला जावा चालविता येते” एवढ्यावर विसंबून तरुणाने पहिल्याच दिवशी वेग घेऊ नये. नव्या गाडीचे वजन, तिची ओढ आणि तिचे ब्रेक हाताला आणि पायाला नव्यानेच शिकावे लागतात.

जुनी गाडी बदल्यात देण्यापूर्वी मात्र चार दिवस थांबावे. दुकानदार तिच्यात बहुधा लोखंड पाहतो. हौशी मनुष्य तिच्यात जावा पाहतो, आणि त्याने देऊ केलेली किंमत पुष्कळदा अधिक असते. नोंदणीची मुदत तपासावी. पहिली 15 वर्षे संपल्यावर ती दर 5 वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. पन्नास वर्षांवरील गाडीला 2021 च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. तीत क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी प्रदर्शन, मेळावा अथवा दुरुस्ती ह्यांसाठीच रस्त्यावर नेता येते, नित्याच्या वापरासाठी नव्हे. विकावयाचीच ठरली, तर नमुना 29 व 30 भरून हस्तांतर पुरे करावे. नाही तर दुसऱ्याच्या हातून झालेल्या अपघाताची चौकशी आपल्या दाराशी येते.

दोन गाड्या सांभाळणे प्रत्येक घराला परवडेल असे नाही, आणि न परवडल्यास त्यात कमीपणाही नाही. तसे असेल तर जुनी गाडी जो चालवील, पुसून ठेवील आणि तिच्या सुट्या भागांसाठी दहा दुकाने हिंडेल, त्याच्या हाती द्यावी. यादवगिरीच्या त्या कारखान्यातील मिळकतीवर ह्या शहरातील कित्येक संसार उभे राहिले. त्या कामगारांच्या हातचे काम अजून चालते आहे. ते भंगारात गेले तर कोणतीही नवी पिढी ते परत आणू शकणार नाही.

नव्या गाडीची किल्ली मुलाच्या हाती देण्यापूर्वी, वाचकहो, त्याला एकदा जुनीला किक मारावयास लावा. आपण काय घेत आहोत आणि काय सोडीत आहोत, हे त्याला समजून निर्णय घेता आला पाहिजे.